बाजूला ठेवलेलं पान

३ मार्च

धाकटे,

वर ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पाकीट पुन्हा चिकटवून परत धाडलं असतंस, म्हणून नुसतं धाकटे. अक्षरावरून ओळखलं असशीलच. सहा वर्षांत ते काही सुधारलेलं नाही.

आधीच सांगते, मी आजारी नाही, मला तुझ्याकडून काही नको, आणि कोणी गेलेलंही नाही. घाबरू नकोस. तू घाबरलीस की चष्मा पुसत बसतेस आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे चष्मे पुसून झाल्यावर आणखी स्वतःचा कशाला.

मी अजून डेपोतच आहे, हे तुला कोणाकडून तरी कळलं असेल. गाडीवर नाही, खिडकीवर. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. लोक बसमध्ये विसरतात ते सगळं माझ्याकडे येतं. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट, एकदा दातांची कवळी. कवळीवाले आजोबा ती न्यायला आले आणि तोंडावर रुमाल धरून बोलत होते, मला एक अक्षर कळेना. शेवटी मी म्हटलं, आजोबा, आधी लावा आणि मग बोला. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या बाईला हे काम म्हणजे शिक्षाच, असं पहिल्या वर्षी वाटायचं. आता वाटत नाही. मी हे काम चांगलं करते. माझ्या आधी तिथे नुसता ढीग होता. आता कपाटं आहेत, चिठ्ठ्या आहेत, आणि वस्तू कोणत्या गाडीत सापडली ते मी न बघता सांगते. माझ्यासोबत एक म्हातारे कंडक्टर आहेत, गुडघे गेल्यामुळे तेही लाइनवरून इथे आले. मिशा अशा की डेपोत त्यांना सगळे मिशीवालेच म्हणतात.

तर मुद्दा. पंधरा नंबरच्या गाडीत पत्र्याची एक डबी सापडली, आत पत्त्यांचा कॅट. तीन महिने कोणी न्यायला आलं नाही. नियमाप्रमाणे मग ती वस्तू निकाली निघते. मला वाटलं, घरी नेऊ, पेशन्स लावू. लहानपणी आपण लावायचो आणि तू डाव अडला की हळूच पान बदलायचीस, तसं. घरी उघडून बघते तर राजा नाही, राणी नाही. चाळीस पानं आणि प्रत्येकावर एक प्रश्न छापलेला. सोबत घडी घातलेला कागद. हा डाव एकट्याने खेळायचा. पानं पिसायची, तीन पालथी मांडायची, त्यातलं एक उताणं करायचं. पानावर जे विचारलं असेल त्याचं उत्तर मोठ्याने द्यायचं, आणि उत्तरात माणूस हवा, जागा हवी, दिवस हवा. ‘सगळ्यांची आभारी आहे’ असलं सभेतलं उत्तर चालत नाही. जमलं की पान उजवीकडे, नाही जमलं की डावीकडे. डावीकडे काही उरलं तर डाव सुटला नाही.

मला हसू आलं. म्हटलं, आभार मानायला पत्ते कशाला लागतात? पण एकटीच होते, चहा समोर होता, एक पान उलटलं. ‘तुमचं काम तुम्हाला कोणी शिकवलं?’ मला आमचे उस्ताद आठवले. जुन्या यार्डात त्यांनी दोन पिंपांमधून मला गाडी मागे घ्यायला लावली, अकरा वेळा पिंप पडलं, बाराव्यांदा नाही. ते फक्त म्हणाले, “आता हा आकडा विसर.” रिकाम्या खोलीत मी हे मोठ्याने बोलले. उस्तादांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना हे मी कधी म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खेळते. महिना झाला. एकोणचाळीस पानं उजवीकडे गेली. एकच डावीकडे अडलंय.

ते कोणतं, ते सांगत नाही. तुझ्याशी त्याचा संबंध आहे म्हणून पत्र लिहायला घेतलं एवढंच. पण गैरसमज नको. तू डेपोला जे पत्र लिहिलंस ते मी विसरलेली नाही. तुझ्या एका कागदाने माझी गाडी गेली. डॉक्टरांनी तपासलं, त्यात काही सापडलं नाही, तरी ‘संशय’ म्हणून मला खाली उतरवलं. सापडलं काहीच नाही, हे ध्यानात ठेव.

मध्येच चहा ओतू गेला, शेगडी पुसून आले. आता पुरे करते.

थोरली


१४ मार्च

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तू लहानपणीही रुसलीस की दोन-दोन दिवस बोलायची नाहीस आणि शेवटी मीच यायचे, कारण मला गप्प बसवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुझ्याबद्दल म्हणतात की माझ्याबद्दल, ते तूच ठरव.

आज सांगते ते पान कोणतं ते. त्यावर लिहिलंय, ‘कोणाच्या हाताने तुम्ही वाचलात?’

साधा प्रश्न आहे. पहिल्यांदा आलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं. पाच वर्षांची असताना विहिरीच्या कठड्यावरून बाबांनी मागे ओढलं. माणूस आहे, जागा आहे, दिवसही आठवतो. पान उजवीकडे टाकलं, आणि मग उचलून परत डावीकडे ठेवलं. का, ते त्या वेळी मलाही नीट सांगता आलं नसतं. उत्तर खरं होतं, पण त्या पानाचं नव्हतं.

दुसऱ्यांदा आलं तेव्हा उस्तादांचं नाव घेतलं. नाही पटलं. तिसऱ्यांदा दाढ काढणाऱ्या डॉक्टरचं घेतलं, तर मलाच माझी लाज वाटली.

तुला वाटेल, हिला एकटेपणामुळे पत्त्यांशी भांडायची सवय लागली. तसं नाही. मी मजेत आहे. खिडकीवर दिवसभर माणसं येतात. परवा एका नवऱ्या मुलाने लग्नाची अंगठी बसमध्ये हरवली, ती सीटच्या फटीतून मिशीवाल्यांनी विणकामाच्या सुईने काढली. तो मुलगा इतका आनंदला की मिशीवाल्यांच्याच पाया पडला. ते म्हणाले, “माझ्या नको, नवरीच्या पड, नाहीतर लग्न टिकायचं नाही.”

तुझी लेक भिंगरी कशी आहे? आता तेरा वर्षांची झाली असेल. अजून तशीच गरगरते का, की शहाणी झाली? त्या दिवशी ती माझ्या सीटच्या शेजारच्या दांड्याला धरून उभी होती, आठवतं? तू मागे दोन सीट सोडून बसली होतीस. मी तिला म्हटलं होतं, मागे जाऊन बस. पण तिला पुढची काच आवडायची. मग तिने माझा हात ओढला आणि गाडी फुटपाथवर चढली. चौकशीत मी तेच सांगितलं, आणि तू मात्र

हे वाक्य अर्धं राहिलं. उठून पाणी पिऊन आले. आता पुढे काय लिहिणार होते ते आठवत नाही. राहू दे.

थोरली


२ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचवं तुझ्या हातात आहे, तेव्हा नीट बसून वाच.

गेल्या आठवड्यात खिडकीवर एक संगीताच्या बाई आल्या, त्यांचं व्हायोलिन बारा नंबरच्या गाडीत राहिलं होतं. मी ते कपाटातून काढलं, पेटी काउंटरवर ठेवली, आणि मला वाटलं की लगेच त्यांच्या हातात दिली. बाई गेल्या. मी नोंदवही पुढे ओढली, तर मिशीवाले माझ्याकडे बघत होते. म्हणाले,

“ताई, तुम्ही आत्ता कुठे गेला होता?”

“कुठे म्हणजे? इथेच तर आहे.”

“पंचवीस सेकंद तुम्ही इथे नव्हता. मी घड्याळाकडे बघून मोजले. पेटीची कडी उघडत होता, लावत होता, उघडत होता, लावत होता. त्या बाई तीनदा ‘मॅडम’ म्हणाल्या.”

मी त्यांच्यावर असा आवाज चढवला की बाहेर रांगेतला माणूस दोन पावलं मागे सरकला. म्हटलं, आपलं काम करा, माझ्यावर घड्याळ कशाला लावता. त्यांनी आधी रांगेतल्या माणसाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, “या वर्षातली ही चौथी वेळ. आधीच्या तीन मी बोललो नाही, ते माझं चुकलं.”

धाकटे, मला त्या तीन वेळा माहीत नव्हत्या. पण बाकीच्या माहीत होत्या. ओतू जाणारा चहा, अर्धी राहणारी वाक्यं. एकदा रस्ता ओलांडायला उभी होते आणि पुढच्या क्षणी पलीकडे होते, मधला रस्ता गायब. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले, वय झालं, झोप नाही, विसरभोळी झाले. पहिल्या पत्रात तुला लिहिलं की मी आजारी नाही. ते खोटं होतं आणि लिहितानाच मला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मिशीवाले रजा टाकून माझ्यासोबत मेंदूच्या डॉक्टरांकडे आले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “तुम्ही काय केलंत ते तुम्हाला आठवणार नाही. साक्षीदार नको का?” डॉक्टरीण बाई तरुण आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या. डोक्याला वायरी चिकटवून आलेख काढला, तास-दीड तास. मग म्हणाल्या, फिट म्हणजे नेहमी जमिनीवर पडून हातपाय झाडणंच नसतं. काही माणसं बसल्या जागी थोडा वेळ निघून जातात, डोळे उघडे असतात, हात काहीतरी चाळवत राहतात. आधीच्या तपासणीत नाही सापडलं कारण त्या तासाभरात ते घडलं नाही. पाऊस पडत नसताना छप्पर तपासल्यासारखं.

मग त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा कधी झालं?”

मी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, गाडी चालवताना.

“तेव्हा कोणी पाहिलं का?”

“माझ्या बहिणीने. आणि भाचीने.”

“त्यांनी काय पाहिलं?”

आणि धाकटे, मी त्या अनोळखी पोरीला ते सांगितलं जे चौकशीत सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, स्वतःलाही कधी पूर्ण सांगितलं नाही. आता तुला सांगते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

भिंगरीने हात ओढला म्हणून गाडी फुटपाथवर चढली नाही. मी स्टॉपवरून गाडी काढली, गियर टाकला, आणि त्यानंतरचं माझ्याकडे काही नाही. जेव्हा परत आले तेव्हा डावं चाक आधीच फुटपाथवर होतं, समोर विजेचा खांब, आणि माझ्या दंडाला तिचे दोन्ही हात. ती मला गदागदा हलवत होती. मी ब्रेक दाबला. गाडी खांबाला नुसती टेकली. स्टॉपच्या पुढच्या टोकाला उभी असलेली माणसं चार हातांवर होती.

तिचा हात आधी नव्हता. नंतर होता. तिने हलवलं नसतं तर मी परत आले नसते, निदान वेळेवर नाही.

मी फक्त दोन गोष्टींचा क्रम बदलला, एवढंच. आधीचं नंतर केलं आणि नंतरचं आधी. इतकं छोटं खोटं की ते सांगताना जीभही अडखळली नाही. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, असं माझं नाव, आणि समोर सात वर्षांची पोर, जिला कोणी काही करणार नव्हतं. मला वाटलं, लहान आहे, विसरून जाईल. मोठ्या माणसांना हे वाटणं फार सोयीचं असतं.

मी स्टिअरिंगवर भानावर नव्हते असं तू डेपोला पत्रात लिहिलंस ते माझी गाडी घ्यायला नाही. ते तुझ्या मुलीसाठी लिहिलंस. आणि मी डेपोच्या फाटकात, सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर तुला म्हटलं की तू माझी बहीण नाहीस.

त्या पानाचं उत्तर आज संध्याकाळी मी मोठ्याने दिलं. माणूस, जागा, दिवस. पान उजवीकडे गेलं. डाव सुटला, पण मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. कारण उत्तर मी भिंतीला दिलं होतं.

तुझे आभार मानते. तू बरोबर होतीस.

थोरली


२१ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘पत्रं मिळाली. आभार नकोत. भिंगरी त्या दिवसानंतर बसमध्ये कधी पुढे बसलेली नाही, कोणी गाडी चालवत असेल तर ती तोंड उघडत नाही.’

ते मी उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. 

तुझ्या कार्डावर रडत बसणं मला शक्य होतं, पण त्याने तिचं काय भलं होणार? मी सकाळी उठून डेपो मॅनेजर साहेबांकडे गेले. हे साहेब नवे आहेत, भले आहेत, त्यांना भानगडी आवडत नाहीत. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वीच्या चौकशीत मी खोटा जबाब दिला, तो मला बदलायचाय.

ते म्हणाले, “ताई, जुनी फाइल कशाला उघडता? तुम्ही गाडीवरून उतरलात, कोणाला लागलं नव्हतं, प्रकरण मिटलं. उगाच हात दाखवून अवलक्षण.”

मी म्हटलं, “साहेब, त्या फाइलमध्ये एका पोरीचं नाव आहे. गाडी तिच्यामुळे चढली असं लिहिलंय.”

“ती फाइल कोण वाचतंय?”

“ती वाचतेय. सहा वर्षं रोज.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग स्वतः उठून फाइल शोधायला गेले. सापडायला दुपार झाली, कारण कागदपत्रांची कपाटं माझ्या ताब्यात नाहीत, नाहीतर दोन मिनिटांचं काम होतं.

नवा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. साहेबांनी बजावलं की खिडकीही जाऊ शकते. म्हटलं, जाऊ दे, बघू. तुला वाटेल बढाई मारतेय, पण खरंच भीती वाटली नाही. गाडी गेली तेव्हा मी अर्धी मेले होते, कारण ती खोट्याच्या सोबत गेली. खरं बोलून काही गेलं तर माणूस उभा राहतो, हे मला या वयात कळलं. काल निकाल आला. लेखी समज दिलीय, आणि खिडकी राहिली. मिशीवाल्यांनी समजपत्र वाचलं आणि म्हणाले, “अक्षर छान आहे, फ्रेम करून लावा.”

नव्या जबाबाची शिक्क्यासह नक्कल सोबत जोडलीय. ती तुझ्यासाठी नाही, भिंगरीसाठी. तिला कधी दाखवायची, दाखवायची की नाही, ते तू ठरव.

आणि एक विचारते. तिला मी स्वतः पत्र लिहू का? तू नाही म्हणालीस तर नाही. पुन्हा विचारणार नाही.

थोरली


५ मे

भिंगरे,

तुझ्या आईने परवानगी दिली म्हणून लिहितेय. हे पत्र तू एकटीने वाच, आईसोबत वाच, किंवा वाचू नकोस. तिन्ही चालतील.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा माझी बस फुटपाथवर चढली. मी सगळ्यांना सांगितलं की तू माझा हात ओढलास म्हणून तसं झालं. ते खोटं होतं. मी खोटं बोलले.

मला एक आजार आहे. त्यात डोळे उघडे राहतात पण मी थोडा वेळ तिथे नसते. त्या दिवशी तसं झालं आणि गाडी आपोआप डावीकडे गेली. तू माझ्याकडे बघितलंस, काहीतरी बिघडलंय हे तुला कळलं, आणि तू मला हलवलंस. सगळ्या बसमध्ये फक्त तुला कळलं. त्यामुळे मी जागी झाले आणि ब्रेक लावला. स्टॉपवर सहा माणसं उभी होती. एका बाईच्या कडेवर मूल होतं. ती सगळी घरी गेली, ते तुझ्यामुळे.

मी खरं का सांगितलं नाही? भीतीमुळे. गाडी चालवणं मला जगात सगळ्यात जास्त आवडायचं, आणि ते जाईल म्हणून मी घाबरले. मोठी माणसं घाबरली की कधी कधी लहान माणसांच्या मागे लपतात. ते वाईट असतं. मी ते केलं.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तो तुझा प्रश्न, सावकाश सोडव किंवा सोडवू नकोस. हे एवढ्यासाठी लिहिलं की जे घडलं ते तुला बरोबर क्रमाने माहीत असावं. आधी गाडी गेली. मग तुझा हात आला.

तुला काही विचारायचं असेल तर विचार. जे येतं त्याचं खरं उत्तर देईन, आणि जे येत नाही त्याला येत नाही म्हणेन.

तुझी मावशी


२६ मे

धाकटे,

शनिवारी आत काय झालं, ते तुला भिंगरीने सांगितलं असेलच. पण तू फाटकाबाहेर उभी होतीस आणि मी आत होते, तेव्हा माझ्या बाजूनेही ऐक.

तुम्ही याल हे मला माहीत नव्हतं. अकराच्या सुमाराला खिडकीत एक उंच मुलगी उभी राहिली. मी नेहमीसारखं विचारलं, “काय हरवलं?”  तिने मान एका बाजूला झुकवली, आणि धाकटे, ती मान तुझी होती. माझ्या हातातला शिक्का खाली पडला. या वेळी मी इथेच होते, तो वाकून उचलला.

मी म्हटलं, “आई कुठेय?”

“बाहेर. ती म्हणाली, आज फक्त तू जा.”

मी खिडकीतून पाहिलं. तू फाटकापाशी पाठमोरी उभी होतीस. पाय आपोआप निघत होते, पण तू ‘फक्त तू’ म्हणाली होतीस, म्हणून मी थांबले. एवढं तरी तुझं ऐकायला हवं होतं.

भिंगरीने विचारलं, “मावशी, मी तेव्हा काय ओरडले, ते तुला ऐकू आलं होतं का?”

म्हटलं, “नाही. ते सेकंद माझ्याकडे नाहीतच. तुझ्याकडे आहेत.”

“मग चौकशीत तू सांगितलंस की मी ‘मला चालवू दे’ म्हणाले.”

मी ते विसरले होते. खरंच विसरले होते. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटंही आठवत नाही, ज्याच्यावर बोललो त्याला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हटलं, “ते मी मनाने बनवलं.”

तिने दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली. मग म्हणाली, “मी म्हणाले होते, ‘मावशी, परत ये.’ म्हणजे तू कुठे जात नव्हतीस, पण मला तसंच वाटलं. नंतर सगळे म्हणायला लागले की मी हात ओढला, तेव्हा मला वाटलं की मी आधी ओढला असेल. मला माझंच खरं वाटेना.”

 मी ‘चुकले’ म्हटलं. एकदाच म्हटलं. दहादा म्हटलं असतं तर ती मला समजावायला लागली असती, आणि ते काम तिचं नाही.

मिशीवाले तोवर कपाटात तोंड घालून छत्र्या मोजत होते. एकाच छत्रीला त्यांनी दहा वेळा मोजलं. शेवटी वळून म्हणाले, “बाळ, माझं वय सत्तावन्न आहे, चाळीस-पन्नास प्रवाशांच्या गर्दीत मी कंडक्टरचं काम केलं. ड्रायव्हरला काय झालंय हे मला या खिडकीत कळायला चार वेळा लागल्या. तुला एका वेळेत कळलं.” भिंगरी हसली नाही, पण ताठ उभी राहिली. ते मी पाहिलं.

मग ती म्हणाली, “आईला अजून राग आहे.”

“असू दे.”

“मला पण थोडा आहे.”

“तोही असू दे.”

“किती दिवस ठेवू?”

“तुला लागेल तितके. मी इथेच आहे, दहा ते पाच, रविवारी बंद.”

ती जायला निघाली. दारापर्यंत गेली आणि काहीतरी आठवल्यासारखी परत आली. खरं तर विसरलेली नव्हती, शेवटी विचारायचं म्हणून ठेवलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाली, “आईने एक विचारायला सांगितलंय. पण तिने विचारलं असं सांगायचं नाही म्हणालीय.”

“मग सांगू नकोस. नुसतं विचार.”

“गोळ्या वेळेवर घेतेस का?”

मी तिला उत्तर दिलं, आणि तिने ते फाटकापर्यंत जाऊन तुला सांगितलं असेल. पण विचारणारी तू होतीस, म्हणून तुलाही लिहिते. सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक. आजवर एकही चुकवलेली नाही.

तुझी ताई